पुन्हा पुन्हा येणारी बुरशी : दोष स्वच्छतेचा की प्रतिकारशक्तीचा?

तोंड आले की ‘उष्णता झाली’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मग कोणी सब्जा भिजवून देते, कोणी गुलकंद देते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरे दिसले तर आजी टाकणखाराची लाही मधातून लावायला सांगते. बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत तोंड बरे होते आणि शेवटी जो उपाय केला त्याला श्रेय मिळते.

परंतु एखाद्या घरात असे मूल असते की ज्याचे तोंड पूर्ण बरे असे कधी होतच नाही. औषध लावले की आठवडाभर बरे, थांबवले की पुन्हा पांढरा थर. पुढे बोटांची नखे जाड आणि पिवळट होतात, ओठांचे कोपरे चिरतात, अंगावर चट्टे उठतात. शेजारीपाजारी आईला म्हणतात, ‘मुलाची स्वच्छता ठेवत जा.’ हेच मूल तरुण झाले की लोक दबक्या आवाजात एड्सची शंका घेऊ लागतात. प्रत्यक्षात त्या आईचा दोष नसतो आणि त्या मुलाचाही नसतो. दोष असतो शरीराच्या प्रतिकारशक्तीतील एका छोट्याशा दुव्यात. या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘क्रॉनिक म्युकोक्युटेनियस कँडिडायसिस’ म्हणतात. नाव लांबलचक असले तरी अर्थ सरळ आहे : त्वचेवर व तोंडासारख्या ओलसर अस्तरावर दीर्घकाळ ठाण मांडून बसणारा कँडिडा बुरशीचा संसर्ग. सोयीसाठी आपण त्याला या लेखात ‘सीएमसी’ म्हणू.

हा आजार विरळा आहे, हे आधीच सांगतो. तोंड आलेल्या प्रत्येकाने घाबरून जाऊ नये. परंतु ज्याला तो आहे, त्याच्या बाबतीत निदान वेळेवर होणे फार महत्त्वाचे असते. काही रुग्णांत तोंडातला हा पांढरा थर पुढे येणाऱ्या अधिक गंभीर आजाराची पहिली खूण असतो.

ही बुरशी येते कोठून?

कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी आहे. पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टचीच ही दूरची भावकी म्हणा. ती बाहेरून कुठून तरी एकाएकी येत नाही. जवळजवळ निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती थोड्या प्रमाणात असतेच. आतड्यांत आणि स्त्रियांच्या योनिमार्गातही ती असते. आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही, कारण प्रतिकारशक्ती आणि तोंडातील इतर निरुपद्रवी जंतू तिला वाढू देत नाहीत. म्हणजे ही बुरशी घरात राहणाऱ्या भाडेकरूसारखी आहे. मालक जागा असेपर्यंत ती आपल्या खोलीत गुपचूप राहते. मालकाचा डोळा लागला की ती हातपाय पसरते.

साधा संसर्ग कोणाला होतो?

पुढील व्यक्तींना कँडिडाचा त्रास होणे हे नेहमीचे आहे. कारण दूर केले आणि योग्य औषध घेतले की तो बरा होतो.

१. पहिल्या काही महिन्यांतील तान्ही बाळे. त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते.
२. मधुमेह ताब्यात नसलेले रुग्ण. चाळिशीनंतर तोंडात किंवा जांघेत वारंवार बुरशी होत असेल तर प्रथम रक्तातील साखर तपासावी.
३. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, बरेच दिवस घेतलेल्या व्यक्ती.
४. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप ओढून नंतर चूळ न भरणारे रुग्ण.
५. स्टिरॉइडच्या गोळ्या, कर्करोगाची औषधे किंवा अवयवरोपणानंतरची औषधे घेणारे रुग्ण.
६. रात्रीही कवळी न काढणारे वृद्ध.
७. गरोदर स्त्रिया.
८. एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या व्यक्ती.

तोंडातील थर बुरशीचा आहे की दुधाचा, हे आईने कसे ओळखावे? ओल्या स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून पाहावे. दुधाचा थर सहज निघतो. बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा दिसतो, सहज निघत नाही आणि निघालाच तर खाली लालभडक, कधी थोडे रक्ताळलेले अस्तर दिसते. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्या माणसाच्या गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा चट्टा असेल, तर ‘बुरशी असेल’ म्हणून वाट पाहू नये. तो कर्करोगाच्या आधीचा चट्टा असू शकतो. दंतवैद्याला लगेच दाखवावा.

शंका केव्हा घ्यावी?

वर दिलेल्या यादीतील एकही कारण नसताना बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्रश्न बुरशीचा कमी आणि तिला अडवणाऱ्या यंत्रणेचा अधिक आहे, असे समजावे. माझे ठोकताळे असे :

• वय एक वर्षाच्या पुढे गेले तरी तोंडातील बुरशी जात नाही, किंवा योग्य औषधाने गेलेली वर्षातून तीन-चार वेळा परत येते.
• तोंड, नखे आणि त्वचा या तीनपैकी दोन ठिकाणी एकाच वेळी त्रास आहे.
• नखे मुळापासून जाड, ठिसूळ, रंग बदललेली आहेत आणि नखांभोवतीची कातडी सतत सुजलेली आहे.
• गिळताना घशाखाली किंवा छातीमागे दुखते. याचा अर्थ बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते.
• घरात आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मामा-काका यांपैकी कोणाला असाच त्रास आहे.
• बुरशीबरोबर हातापायांना मुंग्या, पेटके, फिट्स, अंगावर कोड, डोक्यावर चाई, अतिशय थकवा किंवा कातडी काळवंडणे यांपैकी काही आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. तोंडात न हटणारी बुरशी, त्याबरोबर सतत जुलाब, वारंवार न्यूमोनिया आणि वजन न वाढणे असे एकत्र दिसले, तर ते सीएमसीपेक्षाही गंभीर अशा जन्मजात प्रतिकारदोषाचे लक्षण असू शकते. अशा बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. रक्तातील लिम्फोसाइट पेशींची संख्या ही त्यातली पहिली, साधी आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी होणारी तपासणी आहे.

आजाराचे स्वरूप

सीएमसी बहुधा लहानपणीच सुरू होतो. जीभ, गालांची आतली बाजू आणि टाळू येथे पांढरे थर येतात. तिखट लागले की मूल रडते, जेवण कमी होते, वजन मागे पडते. ओठांचे कोपरे फाटतात. हाताच्या बोटांना नखुरडे झाल्यासारखी सूज येते, पण ती पिकून फुटत नाही आणि जातही नाही. त्वचेवर लाल, खवले सुटणारे चट्टे येतात. काही मुलांच्या डोक्यावर किंवा चेहऱ्यावर जाड पापुद्रे धरतात. मुली मोठ्या झाल्या की योनिमार्गातील संसर्ग वारंवार होतो. संकोचामुळे तो कोणाला सांगितला जात नाही आणि ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्यावरच विषय मिटवला जातो.

येथे एक आश्चर्याची गोष्ट अशी की, बुरशी वर्षानुवर्षे त्वचेवर आणि तोंडात असूनही या रुग्णांत ती सहसा रक्तात उतरत नाही. मेंदू, मूत्रपिंड, हृदय या खोलवरच्या अवयवांपर्यंत ती क्वचितच जाते. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच शास्त्रज्ञांना या आजाराचे मूळ सापडले.

प्रतिकारशक्तीत नेमके काय बिघडते?

प्रतिकारशक्ती म्हणजे एकच एक शक्ती नव्हे. गावाच्या रक्षणासाठी जसे वेशीवरचे पहारेकरी वेगळे आणि गल्लीत गस्त घालणारे वेगळे, तसेच हे आहे. रक्तात बुरशी शिरली तर तिला खाऊन टाकण्याचे काम न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. सीएमसीच्या रुग्णांत ही गस्त बहुधा ठीक असते. म्हणून बुरशी खोलवर जात नाही.

बिघाड असतो तो वेशीवरच्या पहाऱ्यात. टी पेशींचा एक गट आहे, त्याला टीएच-१७ पेशी म्हणतात. या पेशी इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२२ नावाची रासायनिक द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये म्हणजे निरोपच समजा. निरोप पोहोचला की तोंडाच्या व त्वचेच्या वरच्या थरातील पेशी बुरशी मारणारी प्रथिने तयार करतात आणि मदतीसाठी न्यूट्रोफिल पेशींना त्या जागी बोलावून घेतात. निरोप देणाऱ्या पेशीच कमी असतील, निरोप वाटेत अडवला जात असेल किंवा तो घेणारा दरवाजा बंद असेल, तर तिन्ही प्रकारांत परिणाम एकच : वेशीवर बुरशी मोकाट.

२०११ साली या साखळीतील तीन जनुकांचे दोष प्रसिद्ध झाले. इंटरल्युकिन-१७ तयार करणाऱ्या जनुकातील दोष आणि ते स्वीकारणाऱ्या दरवाजाच्या जनुकातील दोष हे दोन फार थोड्या कुटुंबांत आढळतात. तिसरा ‘स्टॅट-१’ नावाच्या जनुकाचा. सीएमसीचे जनुकीय कारण सापडते तेव्हा सर्वाधिक वेळा ते हेच असते. गंमत म्हणजे येथे जनुक कमी नव्हे, जास्त काम करते आणि त्याच्या अतिउत्साहामुळे टीएच-१७ पेशी नीट तयार होत नाहीत. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी हे लक्षात घ्यावे. काही आजारांत कमतरतेपेक्षा अतिरेकच नडतो.

या सिद्धांताला पुरावा एका वेगळ्याच आजाराने दिला. सोरायसिससाठी इंटरल्युकिन-१७ ला अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून वापरात आली. सोरायसिस त्याने चांगला आटोक्यात येतो, पण काही रुग्णांच्या तोंडात वा त्वचेवर कँडिडा दिसू लागते. म्हणजे वेशीवरचा निरोप औषधाने थांबवला तरी बुरशी हातपाय पसरते.

बुरशीमागून येणारे ग्रंथींचे आजार

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. १९२९ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी साडेचार वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या तोंडात न हटणारी बुरशी होती आणि त्याच्या हातापायांना वारंवार पेटके येत होते. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पुढे असेच रुग्ण आणखी सापडत गेले आणि लक्षात आले की हा एकच आजार आहे. त्यात तीन गोष्टी प्रामुख्याने दिसतात :

१. तोंडाची व त्वचेची दीर्घकालीन बुरशी. ही बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होते.
२. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होणे. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम घसरते. हे बहुधा दहा वर्षांच्या आत दिसते.
३. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी निकामी होणे, म्हणजे ॲडिसनचा आजार. हा बहुधा पंधरा वर्षांच्या आत दिसतो.

हा क्रम प्रत्येकात असाच असतो असे नाही. मध्ये कित्येक वर्षे जाऊ शकतात आणि तिन्ही गोष्टी प्रत्येकात येतातच असेही नाही. तीनपैकी दोन असल्या तरी निदान करता येते. काही मुलांत दातांवरील चकाकीचा थर नीट तयार होत नाही, कोड येते, केस जातात, तर काही मुलींत बीजकोश लवकर थांबतात. फिनलंडमध्ये हा आजार साधारण पंचवीस हजारांत एक, इटलीतील सार्डिनिया बेटावर चौदा हजारांत एक आणि इराणी ज्यू समाजात नऊ हजारांत एक इतका आढळतो. तुलनेने बंदिस्त समाजांत पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्ने झाली की असे दोष साठत जातात.

याचे जनुक १९९७ साली सापडले. त्याचे नाव ‘एअर’. ते काम करते छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. थायमस ही टी पेशींची शाळा आहे. येथे त्यांना आपल्याच शरीरातील निरनिराळ्या अवयवांच्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात आणि जी पेशी ‘स्वकीयां’वर हल्ला करू पाहते ती तेथेच काढून टाकली जाते. हे नमुने दाखवण्याचे काम ‘एअर’ जनुकामुळे होते. त्यातच दोष असेल तर स्वकीय-परकीय न ओळखणाऱ्या पेशी शाळेतून बाहेर पडतात आणि एकामागून एक ग्रंथी नष्ट करतात. मग बुरशी का? याचे उत्तर २०१० साली मिळाले. या रुग्णांचे शरीर स्वतःच्याच इंटरल्युकिन-१७ आणि २२ विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. म्हणजे वेशीवर जाणारा निरोप आपलीच माणसे वाटेत फाडून टाकतात!

हे ओळखता आले नाही तर काय होते?

समजा, आठ वर्षांच्या एका मुलीला फिट आली. आकडी म्हटल्यावर मेंदूचा आलेख काढला, आकडीच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी फिट्स थांबत नाहीत. तोंडातील जुन्या पांढऱ्या थराबद्दल कोणी विचारत नाही, कारण तो ‘नेहमीचाच’ आहे. खरे म्हणजे तिच्या रक्तातील कॅल्शियम कमी झालेले असते आणि ते भरून काढले की फिट्स थांबतात. म्हणून पालकांना सांगणे असे की, डॉक्टरांकडे फिटसाठी गेलात तरी तोंडाची व नखांची तक्रार आवर्जून सांगा. दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे समजून एक घरी ठेवू नका.

ॲड्रिनल ग्रंथीचे अपयश तर त्याहून फसवे. मूल थकते, खारट खाण्याची ओढ लागते, वजन उतरते, हाताच्या रेषा, हिरड्या आणि सांधे काळवंडतात. ‘उन्हात फार खेळतो’ म्हणून ते सोडून दिले जाते. मग एखादा साधा ताप किंवा जुलाब होतो आणि मूल उलट्या करीत एकदम गळून पडते. रक्तदाब उतरतो. अशा वेळी हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन आणि शिरेतून सलाइन तातडीने मिळाले नाही तर मृत्यू येऊ शकतो. ज्या मुलाला न हटणारी बुरशी आहे, त्याच्या घरच्यांनी ही लक्षणे पाठ करून ठेवावीत.

तपासण्या

पहिली तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. थराचे किंवा नखाचे खरवडण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतात. नखांचा प्रत्येक बिघाड बुरशीचा नसतो. सोरायसिसमध्येही नखे खराब होतात. तेव्हा महिनोन् महिने गोळ्या घेण्याआधी ही खात्री करावीच. औषधाला दाद मिळत नसेल तर बुरशीची जोपासना म्हणजे कल्चर करून तिच्यावर कोणते औषध चालते ते पाहावे.

त्यानंतर रक्तातील साखर, संपूर्ण रक्तगणना आणि एचआयव्हीची चाचणी करावी. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते. ती संमतीनेच करता येते आणि निकाल गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. चाचणी टाळू नये. निकाल ‘नाही’ असा आला तर वर्षानुवर्षांचा संशय एका कागदाने मिटतो. ‘आहे’ असा आला तर आज त्यावर चांगले औषधोपचार मोफत मिळतात.

ही कारणे नसतील तर कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड संप्रेरक, सोडियम, पोटॅशियम, सकाळचे कॉर्टिसोल आणि थायरॉइड या तपासण्या कराव्यात. आज सर्व ठीक आले म्हणून कायमचे निश्चिंत होऊ नये. डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने त्या पुन्हा करायच्या असतात. प्रतिकारशक्तीच्या खास चाचण्या आणि जनुकीय तपासणी मोठ्या केंद्रांत होते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, म्हणजे एनआयआयएच, आणि वाडिया बाल रुग्णालय येथे जन्मजात प्रतिकारदोषांचे काम चालते. जाताना आधीच्या सर्व चिठ्ठ्या आणि रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत. निम्मे निदान त्या पिशवीतच असते.

उपचार

१९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन अमेरिकन संशोधक स्त्रियांनी मातीतील जंतूपासून निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. न्यूयॉर्क स्टेटवरून त्याला हे नाव पडले. साध्या संसर्गात निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोल तोंडात लावणे आजही पुरते. सीएमसीमध्ये मात्र वरून लावण्याचे औषध बहुधा अपुरे पडते. फ्लुकोनॅझोलसारखी गोळी पोटातून, तीही दीर्घकाळ घ्यावी लागते. तोंड काही दिवसांत सुधारते. नखांना वेळ लागतो, कारण हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला साधारण सहा महिने जातात.

गोळी बंद केल्यावर त्रास परत आला तर औषध ‘फेल’ गेले असे नव्हे. औषध बुरशी कमी करते, वेशीवरचा पहारा दुरुस्त करीत नाही. म्हणून ते किती दिवस आणि कोणत्या मात्रेत घ्यायचे हे तज्ज्ञांनी ठरवावे. मनाने अर्धी गोळी, एक दिवसाआड गोळी असे करू नये. अशाने बुरशी औषधाला सरावते आणि मग कुठलीच गोळी चालत नाही. दीर्घ उपचारात यकृताची तपासणी अधूनमधून करावी. मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि आकडीची काही औषधे यांच्याबरोबर फ्लुकोनॅझोलचा मेळ बसत नाही. चालू औषधे आणि गरोदरपणाची शक्यता डॉक्टरांना सांगावी.

केटोकोनॅझोल या जुन्या औषधाच्या गोळ्या यकृताला अपाय करतात, म्हणून युरोपात २०१३ साली थांबवण्यात आल्या. शिवाय त्या ॲड्रिनल ग्रंथीचे काम दाबतात. जिची ॲड्रिनल ग्रंथी आधीच धोक्यात आहे त्या व्यक्तीला हे औषध चालणार नाही, हे उघड आहे.

ग्रंथींच्या आजारावर कमी पडलेले द्रव्य भरून काढणे हा उपचार. कॅल्शियम व क्रियाशील ड जीवनसत्त्व, तसेच हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या नियमित घेतल्यास माणूस शाळा, नोकरी, संसार सर्व करू शकतो. ॲडिसनच्या रुग्णाने आजाराचे नाव लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे आणि ताप, जुलाब, शस्त्रक्रिया अशा वेळी मात्रा कशी वाढवायची हे आधीच लिहून घ्यावे. ही गोळी एक दिवसही बंद करू नये.

अलीकडे स्टॅट-१ चा दोष असलेल्या काही रुग्णांना रक्सोलिटिनिबसारख्या औषधांचा उपयोग झाला आहे. ‘एअर’ दोषाच्या मोजक्या रुग्णांत त्याच औषधाचा चांगला परिणाम २०२४ साली प्रसिद्ध झाला. हे औषध महाग असून इतर संसर्गांचा धोका वाढवते, तेव्हा ते मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांनीच द्यावे.

हे करू नका

• ‘खाज, गजकर्ण, नायटा यांवर एकच मलम’ म्हणून मिळणारी मिश्र मलमे औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी दुप्पट वेगाने पसरते.
• बाळाच्या तोंडाला टाकणखार लावू नका. तो पोटात गेल्यास विषारी ठरतो. एक वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये.
• थर नखाने, चमच्याने खरवडू नका.
• तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी-सिगारेट यांना हात लावू नका. वर्षानुवर्षे बुरशीने चिडलेल्या तोंडात आणि अन्ननलिकेत कर्करोगाचा धोका मुळातच वाढलेला असतो. त्यात तंबाखू म्हणजे आगीत तेल. अशा रुग्णाने दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हा आजार संसर्गजन्य आहे का? मुलाचे ताट वेगळे ठेवावे का?*
नाही. ज्या बुरशीला आपण घाबरतो ती आपल्याही तोंडात असते. दोष प्रतिकारशक्तीत आहे आणि तो एका ताटात जेवल्याने लागत नाही. मुलाला शाळेत पाठवा, भावंडांत झोपू द्या.

*साखर आणि गोड बंद केले तर बरा होईल का?*
मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणलीच पाहिजे. मधुमेह नसताना केवळ पथ्याने सीएमसी बरा होत नाही. तोंड दुखत असताना आधीच कमी खाणाऱ्या मुलाचे आणखी पदार्थ बंद करू नका. मऊ भात, दूध, केळे, तूप घातलेली खिचडी असे पोटभर द्या.

*पुढच्या मुलाला होईल का?*
ते दोषाच्या प्रकारावर अवलंबून आहे. स्टॅट-१ चा दोष आई किंवा वडील यांपैकी एकात असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. कधी हा दोष घराण्यात कोणालाच नसताना त्या मुलातच प्रथम निर्माण होतो. ‘एअर’चा दोष बहुधा आई-वडील दोघांकडून यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी काही समाजांत आहे. अशा संबंधांत एकच लपलेला दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. ज्या घराण्यात असा रुग्ण आहे तेथे नात्यात सोयरीक जमवण्याआधी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा. दोष मिळालाच तर तो आई-वडील दोघांपैकी कोणाकडूनही येऊ शकतो. तेव्हा सुनेला बोल लावण्याचे कारण नाही.

*लग्न, मुलेबाळे होऊ शकतात का?*
बहुतेकांना होऊ शकतात. मुलींत बीजकोशांची तपासणी वेळेवर करावी आणि गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा औषधे आधी बदलून घ्यावीत.

लक्षात ठेवण्याजोगे

एकदा आलेली बुरशी हा बुरशीचा प्रश्न आहे. पुन्हा पुन्हा येणारी बुरशी हा शरीराला विचारण्याचा प्रश्न आहे. प्रथम साखर, औषधे, कवळी, एचआयव्ही ही नेहमीची कारणे पाहावीत. ती नसतील तर ‘अंगात उष्णता आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पुढची तपासणी मागावी. ज्या मुलाला बुरशीही आहे आणि पेटके, फिट्स, थकवा किंवा काळवंडणेही आहे, त्याचे कॅल्शियम आणि कॉर्टिसोल या आठवड्यातच तपासून घ्यावे. या रोगाचा दोष कोणाच्या माथी मारू नये. तो आईच्या स्वच्छतेचा नाही, मुलाच्या वागणुकीचा नाही आणि कोणाच्या नजरेचाही नाही.